प्रॉक्समॉक्स व्हीई: सांगलीच्या पेढीसाठी तीन नोडचा क्लस्टर

हळदीचे सौदे चालू असताना अडत दुकानातला सर्व्हर बंद पडला तर काय काय अडते, हे सांगलीच्या मार्केट यार्डात कुणाला वेगळे सांगायला नको. काटा झालेला माल, हमाली-तोलाईची नोंद, शेतकऱ्याची पट्टी, ई-वे बिल, सगळे त्या एका मशिनपाशी थांबते. मिरजेच्या दवाखान्यात तीच गत नोंदणी खिडकीची, कुपवाडच्या कारखान्यात गेटपासची. म्हणून ‘एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याने आपोआप काम उचलावे’ अशी मागणी आता दहा-वीस संगणकांच्या ऑफिसांकडूनही येते. त्यासाठी नेहमी सुचवले जाणारे सॉफ्टवेअर म्हणजे प्रॉक्समॉक्स व्हीई. ते एका सर्व्हरमध्ये अनेक आभासी संगणक (व्हर्च्युअल मशिन, म्हणजे व्हीएम) चालवते, आणि असे काही सर्व्हर (नोड) एकत्र जोडले की त्यांचा क्लस्टर होतो. हे परीक्षण त्याच्या ९ व्या आवृत्तीचे आहे आणि अशाच लहान-मध्यम ऑफिसाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे.

प्रॉक्समॉक्स ही व्हिएन्नाची कंपनी. व्हीईची पहिली आवृत्ती २००८ मध्ये आली. ९ वी ऑगस्ट २०२५ मध्ये, डेबियन १३ वर. आत केव्हीएम (व्हीएम चालवायला) आणि एलएक्ससी (हलके कंटेनर चालवायला), बाहेर ८००६ पोर्टवरचे वेबपान. क्लस्टर, हाय अव्हेलेबिलिटी (एचए, म्हणजे पडलेल्या नोडचे काम दुसऱ्याने आपोआप उचलणे), झेडएफएस आणि सेफ (साठवणुकीच्या दोन पद्धती), फायरवॉल हे सगळे फुकट आवृत्तीतही पूर्ण मिळते. पैसे दिले नाहीत म्हणून एखादे बटण बंद असते, असे कुठेही नाही. पैसे लागतात ते अपडेटच्या अधिक तपासलेल्या भांडारासाठी आणि मदतीसाठी, तेही प्रत्येक सीपीयू सॉकेटमागे वर्षाला. इन्स्टॉल केल्यावर हेच पैशांचे भांडार चालू असते. त्यामुळे वर्गणी नसेल तर पहिल्याच अपडेटला ४०१ ची चूक दिसते आणि नवखा माणूस इंटरनेट तपासत बसतो. ते भांडार बंद करून ‘नो-सबस्क्रिप्शन’ चालू केले की काम होते. व्हीएमवेअर, म्हणजे याच कामाचे जुने नावाजलेले सॉफ्टवेअर, ब्रॉडकॉमकडे गेल्यावर, डिसेंबर २०२३ मध्ये, कायमचे परवाने विकणे थांबले. तेव्हापासून लहान ऑफिसांना हा पर्याय जास्तच जवळचा वाटू लागला आहे.

घेण्यापूर्वी एक गोष्ट मालकाच्या कानावर स्पष्ट घालावी. इथली हाय अव्हेलेबिलिटी म्हणजे खंड न पडणे नव्हे. नोड मेला की त्याच्यावरची व्हीएम दुसऱ्या नोडवर नव्याने सुरू होते. मेलेला नोड खरोखर मेला आहे याची खात्री करण्यात साधारण दोन मिनिटे जातात, मग विंडोज उठायला दोन-तीन, मग डेटाबेस स्वतःला सावरतो. एकूण चार-पाच मिनिटे धरावीत. त्या क्षणी पडद्यावर अर्धवट असलेली पट्टी गेलेली असते, ती पुन्हा भरावी लागते. रात्री अकराला फोन करून माणूस बोलावण्यापेक्षा हे कितीतरी बरे आहे. पण ‘कळणारसुद्धा नाही’ असे कुणी सांगून विकत असेल तर ते चूक आहे.

ती दोन मिनिटे कशासाठी, हे समजले तर अर्ध्या अडचणी मांडणी करतानाच टळतात. नोड एकमेकांशी कोरोसिंक या सॉफ्टवेअरमार्फत बोलतात. प्रत्येकाला एक मत असते आणि अर्ध्याहून जास्त मते ज्या गटाकडे, त्याच्याकडे कोरम, म्हणजे निर्णयाचा अधिकार. तीन नोडमध्ये दोन मते पुरतात. कोरम गेलेल्या नोडवर सगळ्या सेटिंगची फाइलव्यवस्था फक्त वाचण्यापुरती उरते, आणि त्याच्यावर एचएखालची व्हीएम चालू असेल तर वॉचडॉगचा (नोडवर पहारा ठेवणाऱ्या टायमरचा) ६० सेकंदांचा काळ संपताच तो नोड स्वतःला रीसेट करतो. याला फेन्सिंग म्हणतात. उरलेले नोड त्याचे कुलूप सुटेपर्यंत, म्हणजे १२० सेकंद, वाट पाहतात आणि मगच त्याची व्हीएम उचलतात. एकच डेटाबेस एकाच वेळी दोन ठिकाणी चालू झाला तर दोन्हीकडच्या नोंदी निस्तरणे अशक्य होते. ते टाळण्यासाठी ही दोन मिनिटे आहेत. ती कमी करण्याची खटपट करू नये.

दोन नोड घेऊन पैसे वाचवायचे म्हटले तर यातच गाडी अडते. एक पडला की दुसऱ्याकडे दोनपैकी एकच मत, म्हणजे कोरम नाही, म्हणजे जिवंत नोडही स्वतःला रीसेट करणार. दोनवरच थांबायचे असेल तर तिसऱ्या मतासाठी क्यूडिव्हाइस लावावे: एखाद्या साध्या लिनक्स मशिनवर कोरोसिंक-क्यूनेटडी हा प्रोग्राम, पोर्ट ५४०३. ते मशिन या दोन नोडच्या आत व्हीएम म्हणून ठेवणे म्हणजे काहीच न ठेवणे. मात्र क्यूडिव्हाइस सम संख्येच्या क्लस्टरलाच लावावे. तीन नोडला ते लावले तर फायद्यापेक्षा गुंता जास्त होतो. आमचा कौल तीन नोडला आहे, मग तिसरा थोडा हलका असला तरी चालेल.

आता नेटवर्क, कारण क्लस्टर बिघडतो तो बहुतेक इथे. तिन्ही नोड एकाच स्विचवर आहेत, कुणीतरी त्या स्विचचे फर्मवेअर अपडेट करते, स्विच उठायला दीड-दोन मिनिटे घेतो. तेवढ्यात तिन्ही नोडचा कोरम जातो आणि एचएच्या व्हीएम चालवणारे सगळे नोड एकदम रीबूट होतात. लाइट गेलेली नसते, हार्डवेअर बिघडलेले नसते, तरी सगळे ऑफिस खाली. एचए नसते तर हीच दोन मिनिटे कुणाला जाणवलीही नसती. म्हणून क्लस्टर बनवतानाच कोरोसिंकला दोन लिंक द्याव्यात, दोन वेगळ्या नेटवर्क कार्डांवरून आणि दोन वेगळ्या स्विचमधून. कोरोसिंकला वेग फार लागत नाही, १ गिगाबिट भरपूर होतो. त्याला उशीर चालत नाही. नोडमधला विलंब ५ मिलिसेकंदांच्या आत राहिला पाहिजे. रात्री बॅकअपने ती केबल तुडुंब भरली की पाकिटे उशिरा पोचतात आणि पहाटे दोनला नोड रीबूट झाल्याचे सकाळी कळते. बॅकअप आणि रेप्लिकेशनला (व्हीएमची प्रत दुसऱ्या नोडकडे पाठवण्याला) वेगळी केबल, कोरोसिंकच्या निदान एका लिंकला स्वतःची. स्विच लहान चालेल, पण दोन हवेत.

याच कारणाने एक नोड यार्डात, एक विश्रामबागेत, एक मिरजेत अशी मांडणी ब्रॉडबँडवर करू नये. लाइन चांगली असते तेव्हा ती चालते, आणि जिथे ती डगमगते तिथे नोड स्वतःला मारत बसतात.

साठवणुकीचे दोन मार्ग आहेत. सेफमध्ये प्रत्येक नोंद तिन्ही नोडवर लिहिली जाते, त्यामुळे नोड मेला तरी लिहिलेले काही जात नाही. झेडएफएस रेप्लिकेशनमध्ये प्रत्येक नोड आपल्याच डिस्कवर लिहितो आणि ठरावीक वेळाने फरक तेवढा दुसऱ्यांकडे पाठवतो. मूळ सेटिंग दर १५ मिनिटांचे, कमीत कमी १ मिनिटाचे. मधल्या वेळेत नोड गेला तर तेवढे काम गेले.

अडत दुकानात याचा अर्थ फार थेट आहे. ११ ला रेप्लिकेशन झाले, ११ वाजून १२ मिनिटांनी नोड पडला. दुसऱ्या नोडवर उठलेल्या सॉफ्टवेअरला त्या बारा मिनिटांतल्या पट्ट्या माहीतच नाहीत. शेतकऱ्याच्या हातात मात्र छापील पट्टी आहे, आणि सॉफ्टवेअर तोच क्रमांक पुढच्या शेतकऱ्याला देऊन मोकळे होते. हिशेब जुळवताना दोन दिवस जातात. म्हणून ज्या व्हीएमवर बिलिंगचा डेटाबेस आहे तिचे रेप्लिकेशन दर मिनिटाला ठेवावे. फाइल, कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर वगैरेंना पंधरा मिनिटे चालतात.

मग सरळ सेफच का नको? ताकदीने ते पुढेच आहे, पण मागते खूप. नोडमध्ये १० गिगाबिट हवे. तीनच नोड असतील तर दोन-दोन पोर्टची कार्डे घेऊन तीन डॅक (दोन मशिन थेट जोडणाऱ्या तांब्याच्या) केबलींनी एकमेकांना थेट जोडता येते, महाग स्विच वाचतो, आणि ९ व्या आवृत्तीतल्या ‘फॅब्रिक’ सोयीने ती जोडणी वेबपानावरूनच होते. प्रत्येक डिस्कमागे ४ जीबी रॅम बाजूला काढावी लागते. डिस्क वीज गेल्यावरही हातातले लिखाण पूर्ण करणाऱ्या, म्हणजे पॉवर-लॉस प्रोटेक्शनच्याच हव्यात. घरगुती एसएसडीवर सेफ इतके रेंगाळते की लोक सॉफ्टवेअरला दोष देतात.

जागेचा हिशेबही वाटतो तसा नाही. प्रत्येक नोडमध्ये १.९२ टीबीच्या दोन डिस्क, म्हणजे एकूण ११.५२. तीन प्रतींमुळे ३.८४ टीबी मिळेल असे कागदावर दिसते. पण एका नोडमधली एक डिस्क मेली तर त्या नोडची अख्खी प्रत उरलेल्या एकाच १.९२ च्या डिस्कवर जायला बघते, आणि ८५ टक्क्यांना इशारा, ९५ ला लिहिणेच बंद. म्हणजे निर्धास्त वापर सुमारे १.६ टीबी. त्याच सहा डिस्क झेडएफएसमध्ये नोडमागे मिरर करून (दोन्ही डिस्कवर तेच लिहून) लावल्या आणि प्रत्येक व्हीएम बाकी दोघांकडे पाठवली, तर एक पंचमांश जागा मोकळी सोडून दीड टीबीच्या आसपास मिळते. फरक जवळजवळ नाहीच. दोन डिस्कच्या नोडवर सेफ घेऊन जागा वाढेल, ही समजूत सोडून द्यावी. नोडमागे चार-चार डिस्क असतील तर गणित बदलते.

झेडएफएससाठी रेड कार्ड (डिस्क सांभाळणारे कार्ड) एचबीए मोडमध्ये, म्हणजे डिस्क जशाच्या तशा पुढे देणारे हवे, नाहीतर डिस्कची खरी प्रकृती त्याला दिसत नाही. तिन्ही नोडवर पूलचे (डिस्कच्या गटाचे) नाव एकच ठेवावे; वेगळे नाव असेल तर रेप्लिकेशन लागत नाही. ५०० जीबीची पहिली प्रत १ गिगाबिटवर सव्वा तास घेते, पुढे फरकच जातो. आणि सर्वांत महत्त्वाचे: रेप्लिकेशन अडकले तर त्याचा ई-मेल कुणाच्या तरी रोजच्या पाहण्यात येईल असा लावावा. चार दिवस अडकलेल्या रेप्लिकेशनवर एचए निमूटपणे चार दिवसांपूर्वीची व्हीएम सुरू करते. या सॉफ्टवेअरमधली सर्वांत घातक जागा हीच वाटते. प्रत इतकी जुनी असताना व्हीएम उठवू नये अशी मर्यादा घालायची सोय असायला हवी होती.

एक मिनिटही जाऊ द्यायचा नसेल तर ते काम डेटाबेसवर सोपवावे. पोस्टग्रेस असेल तर तीन नोडवर तीन व्हीएम आणि ‘दोनपैकी कुणाही एकाने लिहिले की पुरे’ अशी सिंक्रोनस प्रत. एकच दुय्यम ठेवली तर ती पडताच मुख्य डेटाबेसचे लिखाण अडून राहते, म्हणून दोन हव्यात. या तीन व्हीएम कधीही एका नोडवर एकत्र येऊ नयेत, हा नियम ९ व्या आवृत्तीच्या एचएमध्ये सरळ लिहिता येतो. आधीच्या आवृत्त्यांत तशी सोय नव्हती. आपल्याकडची बरीच बिलिंग सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर चालतात. एक्सप्रेसमध्ये अव्हेलेबिलिटी ग्रुप (डेटाबेसची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर चालू ठेवणारी सोय) येत नाहीत. तिथे दर मिनिटाचे रेप्लिकेशन, आणि नोड पडल्यावर शेवटच्या पाच छापील पट्ट्या पडद्याशी ताडून मगच पुढची पट्टी, हा दंडक भिंतीवर लिहून ठेवावा.

मेमरी मोजताना एक नोड नाही असे समजूनच मोजावी. तीन नोडना ६४ जीबी प्रत्येकी, तर हिशेब १२८ चा. त्यातून झेडएफएसची रॅममधली कॅश, जी नव्या इन्स्टॉलमध्ये रॅमच्या १० टक्क्यांवर बांधलेली असते, आणि खुद्द नोडचे तीन-चार जीबी वजा करून सगळ्या व्हीएम मिळून १०० च्या आत ठेवाव्यात. एकच व्हीएम ४८ जीबीची केली तर बेरीज बसते, पण मुक्काम बदलायच्या वेळी कुठल्याच नोडवर तेवढी जागा सलग उरलेली नसते. तिन्ही मशिन वेगवेगळ्या पिढीच्या असतील तर सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’ ठेवू नये, चालत्या व्हीएमला हलवताना ती कोसळते. मूळचा एक्स८६-६४-व्ही२-एईएस ठेवावा. व्हीएमला जोडलेले सीडीचे आयएसओ काढून टाकावे, त्याने हलवणे अडते. यूएसबी डोंगलवर (परवान्याच्या किल्लीवर) चालणारे सॉफ्टवेअर असेल तर तो डोंगल ज्या नोडला खोचला, तिथून व्हीएमसोबत जात नाही; सॉफ्ट लायसन्स मागावे किंवा डोंगल नेटवर्कवरून देणारे उपकरण घ्यावे.

क्लस्टर बनवणे हे यातले सोपे काम. आधी तिन्ही नोडची नावे आणि आयपी कायमचे ठरवावेत, नंतर बदलणे जिकिरीचे आहे. पहिल्या नोडवर क्लस्टर तयार करून त्याची जोडमाहिती कॉपी करायची, बाकी दोघांवर चिकटवायची. जोडला जाणारा नोड रिकामा हवा, त्यावर व्हीएम असल्या तर तो घेतलाच जात नाही. सगळ्यांचे घड्याळ एक हवे. मग डेटासेंटरच्या सेटिंगमध्ये शटडाउन पॉलिसी ‘मायग्रेट’ करावी, म्हणजे अपडेटसाठी नोड बंद करताना व्हीएम आधी दुसरीकडे जातात. हे सगळे एका दुपारचे काम आहे.

विजेकडे मात्र एवढ्या सहज पाहून चालणार नाही. तीन नोड आणि दोन यूपीएस ही आपल्याकडची नेहमीची मांडणी, आणि ती फसवी आहे. ज्या यूपीएसवर दोन नोड आहेत त्याची बॅटरी बसली की दोन मते एकदम जातात. नोडला दोन पॉवर सप्लाय असतील तर एक-एक वायर दोन्ही यूपीएसना द्यावी. एकच सप्लाय असेल तर प्रत्येक नोडला स्वतःचा १ केव्हीएचा यूपीएस बरा, आणि दोन स्विच त्यांतल्या दोन वेगवेगळ्यांवर. बायोसमध्ये ‘वीज आल्यावर चालू व्हा’ हे निवडावे. लाइट लांबणार असे दिसले तर नोड एकामागून एक बंद करत सुटू नये. एचए बिचारे व्हीएम उरलेल्यांवर ढकलत राहते आणि शेवटी एकट्या नोडचा कोरम जाऊन तो रीसेट होतो. आधी एचएमधूनच सगळ्या व्हीएमना ‘स्टॉप्ड’ सांगावे, त्या थांबल्या की मग तिन्ही नोड. एप्रिल-मेत यूपीएस चालू आणि एसी बंद अशी वेळ येते, तेव्हा बंद खोली बॅटरी संपण्याआधी तापते. हळद दळणाऱ्या युनिटच्या शेजारी रॅक असेल तर समोर जाळीचा फिल्टर लावून तो दर महिन्याला झाडावा.

ताबा घेण्यापूर्वी पुरवठादाराकडून चाचणी घ्यावी, आणि ती बटण दाबून नव्हे, वायर ओढून. एका नोडची वीज काढा, घड्याळ लावा. मग एक स्विच बंद करा: काहीही व्हायला नको. मग एका नोडच्या दोन्ही लिंक काढा: तो मिनिटभरात स्वतः रीबूट झाला पाहिजे. मिररमधली एक डिस्क ओढा. प्रत्येक वेळी बिलिंगमध्ये खरी पट्टी टाकून ती उरली का ते बघा.

मदतीबद्दल दोन शब्द. कंपनीची मदत ऑस्ट्रियाच्या कामाच्या दिवसांना बांधलेली आहे. सांगलीत सकाळचे ९ वाजतात तेव्हा व्हिएन्नात उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेचार झालेले असतात. सौद्याच्या वेळेला कामी येईल तो जवळचा जाणता माणूसच, आणि त्याच्याशी करार लेखी हवा.

बॅकअप वेगळाच लागतो. चुकून पुसलेला खातेवहीचा तक्ता एका मिनिटात तिन्ही नोडवरून पुसला जातो. प्रॉक्समॉक्सचाच बॅकअप सर्व्हर वेगळ्या मशिनवर ठेवावा आणि त्याची रात्रीची प्रत शहराबाहेर, विट्याला किंवा जतला, दुसऱ्या बॅकअप सर्व्हरकडे जावी. बदललेले तुकडेच जात असल्याने साध्या फायबर लाइनवर हे निभते.

शहराबाहेर का, ते कृष्णेला विचारावे. २००५, २०१९, २०२१ चे महापूर आठवावेत. आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पूररेषेतल्या पेठेत तळमजल्यावर तीन नोड एका रॅकमध्ये असले तर क्लस्टर एकच यंत्र असल्यासारखा बुडतो. इथेच झेडएफएसची मांडणी सेफला मागे टाकते. प्रत्येक व्हीएम बाकी दोघांकडे जात असेल तर कुठल्याही एका नोडमध्ये सगळी पेढी असते, आणि तो एक नोड उचलून गाडीत ठेवता येतो. सेफचा तीनातला एक नोड एकटा नेला तर तो आपल्याच डिस्क उघडत नाही.

पाणी ३८-३९ फुटांवर चढत असेल तेव्हाच हे करावे: शेवटचा बॅकअप बाहेर पाठवा, व्हीएम थांबवा, शेवटचे रेप्लिकेशन पूर्ण झाल्याची वेळ वाचून घ्या, तिन्ही नोड बंद करा, वायरी काढा. तिन्ही उचलता आले तर उत्तम, एकच उचलता आला तर तोही पुरे. नव्या जागी तो एकटा सुरू केला की कोरम नसल्याने काही चालू होणार नाही. pvecm expected 1 (एकच मत अपेक्षित धरा) ही आज्ञा द्यावी, मग व्हीएम त्याच्यावर येतात. नोड रीबूट केला की अपेक्षित मते पुन्हा ३ होतात आणि आज्ञा परत द्यावी लागते. ही आज्ञा देताना उरलेले दोन नोड बंद आहेत याची खात्री डोळ्यांनी करावी, फोनवर विचारून नव्हे. ते कुठे चालू राहिले तर दोन पेढ्या एकाच नावाने पट्ट्या छापू लागतील.